केनिया आणि इंडोनेशियात सॉफ्टवेअर विकताना: कामाच्या नोंदी

आमचं सॉफ्टवेअर वितरकांसाठी आहे. सेल्समन अँड्रॉइड ॲपवर दुकानादुकानातून ऑर्डर घेतो, गोदामात माल भरला जातो, ऑफिसात बिल निघतं, मालक वसुली बघतो. कंपनी लहान आहे. परदेशासाठी वेगळी टीम नव्हती; जुने ग्राहक सांभाळणारीच माणसं हेही काम करत होती. या नोंदी काम चालू असतानाच लिहिल्या आहेत. इथे देताना वाक्यं नीट केली, निर्णय आणि चुका होत्या तशाच ठेवल्या.

५ फेब्रुवारी २०२४

देश ठरवायला बसलो. सगळ्यात जास्त चौकशी नायजेरियातून येते, तरीही नायजेरिया यादीतून काढला. कारण नायरा. जून २०२३ मध्ये तिथल्या मध्यवर्ती बँकेने दर मोकळा सोडला, त्याआधी डॉलरला साधारण ४६० नायरा पडत होते. आज अधिकृत दरच १,४०० च्या पुढे आहे. भाव डॉलरमध्ये ठेवला तर ग्राहकाचं बिल आठ महिन्यांत तिप्पट होतं. नायरात ठेवला तर आमच्या हाती तिसरा हिस्सा येतो. मोठ्या कंपनीला असं एखादं वर्ष सोसतं. आमचा सपोर्टचा खर्चही त्यातून निघणार नाही.

ब्राझीलचा मोह बराच वेळ सुटत नव्हता. पण तिथे वस्तूंवरचा कर २६ राज्यं आणि राजधानीचा जिल्हा आपापल्या नियमांनी घेतात, आणि सेवांवरचा कर साडेपाच हजारांहून जास्त नगरपालिका. हे सगळं सोपं करणारी घटनादुरुस्ती डिसेंबर २०२३ मध्ये झाली खरी, पण जुनी-नवी पद्धत २०३३ पर्यंत शेजारी शेजारी चालणार आहे. वितरकाचं सॉफ्टवेअर म्हणजे मुळात करासकट बिल, त्यामुळे हा पसारा आम्हाला टाळता आला नसता.

केनिया पहिला ठरला. ऑफिसचं काम इंग्रजीत चालतं, मोबाइलवरून पैसे देणं लोकांच्या अंगवळणी पडलंय (एम-पेसा मार्च २००७ पासून आहे), आणि देशभर एकच वेळ, यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) अधिक तीन. दुसरा इंडोनेशिया, पण केनियातून नियमित पैसे यायला लागल्यावरच.

२६ फेब्रुवारी

ॲप आणि वेब दोन्हींच्या स्वाहिली भाषांतराचं काम दिलं. बजेटमधली पहिली मोठी रक्कम यात गेली.

(एप्रिलमधली भर: सुरुवातीच्या ग्राहकांपैकी जवळजवळ कुणीच स्वाहिली चालू केली नाही. बिल इंग्रजीत, हिशेबनीस इंग्रजीत, कर खात्याची पोर्टल इंग्रजीत. सेल्समन आपसात स्वाहिली बोलतात, पण ॲपमधली बटणं त्यांना इंग्रजीत पाठ आहेत. हेच पैसे पुढच्या दोन नोंदींतल्या कामांवर आधी घालायला हवे होते.)

२५ मार्च

भाव शिलिंगमध्ये ठरवला. पहिले कोटेशन डॉलरमध्ये दिले होते आणि प्रत्येक बोलण्यात घोडं तिथेच अडत होतं: “आज किती होतात?” जानेवारीत डॉलर १६० शिलिंगच्या आसपास होता. फेब्रुवारीच्या मध्यावर केनिया सरकारने दीड अब्ज डॉलरचे रोखे विकले, जूनमध्ये फेडायच्या जुन्या कर्जाची धास्ती गेली, आणि आता दर १३० च्या घरात आहे. ज्यांनी जानेवारीत डॉलरचं कोटेशन घेतलं होतं ते खूश, आणि शिलिंगच्या भावातून आता जास्त डॉलर हाती येतील म्हणून आम्हीही खूश. पण हे आमच्या बाजूने पडलं, उद्या विरुद्ध पडेल. म्हणून करारात लिहिलं: भाव शिलिंगमध्ये, बारा महिने स्थिर, नूतनीकरणाच्या वेळी फेरविचार. त्या बारा महिन्यांतला विनिमयाचा धोका आमचा.

याच महिन्यात कैरोहून एक चांगली चौकशी आली होती. ६ मार्चला इजिप्तने पाउंड मोकळा सोडला आणि दर एका दिवसात सुमारे ३१ वरून ५० च्या आसपास गेला. समोरच्या गृहस्थांनी सभ्यपणे कळवलं की या वर्षी नाही. त्यांचं बरोबरच होतं.

आणखी एक बदल. आम्ही वर्षाचे पैसे आगाऊ घेऊन सूट देतो. केनियातल्या वितरकांना सूट नको होती, महिन्याला पैसे द्यायचे होते. त्यांचं सगळं भांडवल मालात आणि उधारीत अडकलेलं असतं. वर्षभराची रक्कम म्हणजे ट्रकभर माल. मासिक हप्ता मान्य केला आणि तिथून पुढचं सगळं काम उद्भवलं.

२९ एप्रिल

हप्त्याची वसुली एम-पेसावर. पेबिल क्रमांक (एम-पेसावर धंद्याचे पैसे घ्यायचा क्रमांक) आमच्या नावाने मिळण्यासारखा नव्हता, तो तिथल्या भागीदार कंपनीच्या नावाने घेतला. जोडणी दराजा एपीआयने, म्हणजे आपलं सॉफ्टवेअर एम-पेसाला जोडायच्या सोयीने. आपल्याकडून विनंती जाते, ग्राहकाच्या फोनवर खिडकी उघडते, तो पिन टाकतो, पैसे येतात. कागदपत्रं वाचून वाटतं की आठवड्याचं काम आहे. एप्रिल संपत आला तरी ते चालूच आहे. जिथे अडलो ते इथे देतो, कारण पुढच्या माणसाचा वेळ वाचेल.

विनंतीची वेळ. आमचं हप्त्याचं काम सर्व्हरवर मध्यरात्री चालायचं. सर्व्हर यूटीसीवर. म्हणजे नैरोबीत पहाटे तीनला वितरकाच्या उशाशी फोन वाजत होता, “पिन टाका”. जवळपास सगळे व्यवहार १०३७ या कोडने परत आले, म्हणजे फोनवरून उत्तरच मिळालं नाही. काही ग्राहकांना तर हा फसवणुकीचा प्रकार वाटला आणि त्यांनी भागीदाराकडे तक्रार केली. आता आदल्या दिवशी व्हॉट्सॲपवर रक्कम आणि तारीख कळवतो, आणि विनंती स्थानिक वेळेने सकाळी दहानंतर जाते. आधी सांगितल्याशिवाय पैशाची खिडकी कुणाच्याही फोनवर उघडायची नाही, हा नियम भिंतीवर लावला आहे.

फोन नंबर. आमची तपासणी २५४७ ने सुरू होणारेच नंबर मान्य करायची, कारण जुन्या सगळ्या उदाहरणांत तेच दिसतात. केनियात २०१९ पासून ०१ ने सुरू होणारे नंबरही आहेत, म्हणजे २५४१. ते ग्राहक नोंदणीच्या पानावरच अडकून परत जात होते आणि आम्हाला पत्ताही नव्हता.

संदर्भ क्रमांक. विनंतीत खात्याचा संदर्भ १२ अक्षरांत बसावा लागतो. आमचा बिल क्रमांक त्याहून लांब. वर्ष, शाखा आणि तिरक्या रेघा काढून छोटा ग्राहक क्रमांक केला.

कुणाचे पैसे? सुरुवातीला आलेली रक्कम आम्ही फोन नंबरावरून खात्याशी जुळवत होतो. पण हप्ता कधी मालकाच्या पत्नीच्या फोनवरून येतो, कधी मॅनेजरच्या, कधी दुकानातल्या पोराच्या. शिवाय बरेच जण आमच्या विनंतीची वाट न बघता स्वतः पेबिलवर पैसे भरतात आणि खाते क्रमांक हाताने टाइप करतात. एकाने तिथे स्वतःचं नाव टाकलं होतं. आता जुळणी फक्त ग्राहक क्रमांकावर. जे जुळत नाही ते ‘बेवारस’ नावाच्या यादीत जातं, आणि ती यादी रोज संध्याकाळी एक माणूस डोळ्यांनी बघतो. हे काम पूर्ण यंत्रावर सोडायचा प्रयत्न केला आणि थांबवला. पैसे भरलेल्या माणसाचं खातं बंद पडलं तर तो पुन्हा आपल्यावर विश्वास ठेवत नाही.

शेवटचं म्हणजे निरोप न येणं. व्यवहार झाल्याचा निरोप आपल्या सर्व्हरला येतो, पण मधे कुठेही नेटवर्क तुटलं की तो हरवतो. म्हणून निरोपावर विसंबायचं नाही. काही मिनिटांत आला नाही तर आपणहून व्यवहाराची स्थिती विचारायची. हे पहिल्या दिवसापासून करायचं काम आहे. आम्ही ते शेवटी केलं.

१४ मे

परवा, रविवारी १२ तारखेला, दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ ईस्सी आणि सीकॉम या दोन समुद्री केबल तुटल्या. पूर्व आफ्रिकेचं इंटरनेट रांगायला लागलं. आमचा सर्व्हर केप टाउनमधल्या क्लाउडवर. नकाशावर तेच सगळ्यात जवळचं होतं म्हणून निवडलं होतं. नैरोबीहून तिथे जाणारा रस्ता याच केबलमधून जातो हे बघितलं नव्हतं.

ॲप नेटशिवाय चालतं, त्यामुळे काळजी नव्हती. पण नेट अगदीच नसणं आणि रडतखडत असणं यांत फार फरक पडतो. ॲप दिवसभराच्या ऑर्डर एका गठ्ठ्यात पाठवायचं. गठ्ठा सर्व्हरवर पोचायचा, पोचल्याची पावती फोनपर्यंत येईपर्यंत वेळ संपायची, फोनला वाटायचं गेलं नाही, तो पुन्हा पाठवायचा. सोमवारी सकाळी थिका इथल्या एका वितरकाच्या गोदामात एकाच दुकानाची ऑर्डर दोनदा भरली गेली, आणि ट्रक निघायच्या वेळी ड्रायव्हरच्या लक्षात आलं की कागद दोन आहेत आणि दुकान एक. ड्रायव्हरचे उपकार. इतर ठिकाणी जादा माल खरोखर दुकानापर्यंत गेला, आणि तो परत आणायचा खर्च आम्ही दिला.

दुरुस्ती: प्रत्येक ऑर्डरला फोनवरच एक न बदलणारा क्रमांक. तोच क्रमांक पुन्हा आला तर सर्व्हर नवी ऑर्डर करत नाही, जुनीचीच पावती परत देतो. गठ्ठ्याऐवजी पाच-पाच ऑर्डर. आणि भावपत्रक रोज अख्खं उतरवण्याऐवजी फक्त बदललेल्या ओळी. या शेवटच्या बदलाने चांगल्या नेटवरही ॲप सुधारलं, कारण सेल्समनचे फोन दोन जीबी मेमरीचे, आणि पाच हजार मालांची यादी एकदम उघडली की मागे चाललेलं सगळं बंद पडायचं.

युरोपात एक राखीव सर्व्हरही उभा केला. तिकडचा रस्ताही निर्धोक नाही, फेब्रुवारीत तांबड्या समुद्रात तीन केबल तुटल्या होत्याच. पण दोन्ही बाजू एकाच वेळी बंद पडायची शक्यता कमी.

१० जून

केनियात १ जानेवारी २०२४ पासून व्यवसायाचं प्रत्येक बिल ईटिम्समधून (कर खात्याच्या ई-बिल यंत्रणेतून) गेलेलं असावं लागतं, नाहीतर ते बिल घेणाऱ्याला तो खर्च करात दाखवता येत नाही. म्हणजे वितरकाचं बिल ईटिम्समध्ये नसेल तर दुकानदारच त्याच्याकडून माल घ्यायला कांकूं करतो. हे आम्ही ‘पुढच्या टप्प्यात’ ठेवलं होतं. पहिल्याच भेटीत ग्राहक काय विचारतो, तर हेच. मे महिन्यातली तीन मोठी बोलणी याच एका कारणाने थांबली.

प्रमाणित इंटिग्रेटरमार्फत जोडणी केली. जोडणीपेक्षा आमच्या सॉफ्टवेअरचं पोट बदलण्यात जास्त वेळ गेला.

पहिलं, आमच्याकडे कर म्हणजे फक्त टक्केवारी होती. मक्याच्या पिठाला शून्य, कच्च्या दुधालाही शून्य. ईटिम्समध्ये मात्र करमाफ माल ‘ए’ गटात, १६ टक्क्यांचा ‘बी’ गटात आणि शून्य दराचा ‘सी’ गटात. मक्याचं पीठ शून्य दराचं, कच्चं दूध करमाफ. ग्राहकाच्या बिलावर दोन्हींचा कर शून्यच दिसतो, पण शून्य दराच्या मालासाठी वितरकाने खरेदीवर भरलेला कर परत मागता येतो, करमाफ मालासाठी येत नाही. दोन्ही शून्यं आम्ही एकाच खणात टाकली होती. एका ग्राहकाच्या हिशेबनीस बाईंनी चाचणीच्या बिलावर बोट ठेवून हे दाखवलं, आणि मग अख्ख्या माल-यादीला टक्केवारीसोबत गट जोडावा लागला. कुठल्याही देशात जायचं असेल तर कराची टक्केवारी आणि कराचा प्रकार हे दोन वेगळे रकाने आधीच करून ठेवा.

दुसरं, पाठवलेलं बिल बदलता येत नाही. चूक झाली तर क्रेडिट नोट. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये बिल कधीही उघडून दुरुस्त करता यायचं, आणि हीच सोय आम्ही विक्रीच्या वेळी मिरवत होतो. वितरकाचा रोजचा व्यवहारही तसाच: माल पोचतो, दुकानदार दोन खोकी परत करतो, सेल्समन बिल कमी करतो. आता ऑर्डर, पोचपावती आणि बिल असे तीन वेगळे टप्पे केले. बिल माल पोचल्यावरच निघतं. वापरणाऱ्यांना पहिले काही दिवस हे फार जाचक वाटलं. महिन्याअखेरीस हिशेब जुळायला लागल्यावर तक्रारी थांबल्या.

मालाचे वर्गीकरण क्रमांक भरणं हे नुसतं हमालीचं काम आहे. ग्राहकाकडून करून घ्यायचा विचार सोडा, तो करत नाही. आम्ही करून दिलं आणि त्याचे पैसे लावले.

२७ जून

केनियाचं नवं वित्त विधेयक राष्ट्राध्यक्षांनी काल मागे घेतलं. परवा नैरोबीत मोठी निदर्शनं झाली, माणसं गेली. भागीदाराच्या ऑफिसातले सगळे सुखरूप आहेत हे कळेपर्यंत आमच्याकडे कामात कुणाचं लक्ष नव्हतं. विधेयकात ब्रेडवर १६ टक्के कर सुचवला होता. तो प्रस्ताव आधी वगळला, मग विधेयकच गेलं. आम्ही १ जुलैसाठी नव्या दरांची आवृत्ती तयार करून ठेवली होती, ती फुकट गेली. यापुढे दर कोडमध्ये लिहायचे नाहीत. दर, गट आणि ‘लागू दिनांक’ असा तक्ता, आणि तो बदलायला नवी आवृत्ती लागू नये.

५ ऑगस्ट

एका मोठ्या ग्राहकाने आम्हाला थेट पैसे पाठवले आणि २० टक्के कमी पाठवले. परदेशी कंपनीला सॉफ्टवेअरसाठी दिलेली रक्कम म्हणजे रॉयल्टी, आणि त्यावर तितका कर कापूनच पैसे पाठवायचे, असं त्यांच्या हिशेबनीसाचं म्हणणं. आमच्या करारात कर कापला तर कोणाच्या खिशातून, हे लिहिलेलंच नव्हतं. तेवढी रक्कम त्या वर्षीच्या नफ्यातून गेली.

आता दोन रस्ते. लहान ग्राहकाला बिल भागीदार कंपनी शिलिंगमध्ये देते. मोठा ग्राहक थेट असेल तर करारात स्पष्ट: दिलेला भाव हातात येणारा, कापलेला कर त्यावर वेगळा, आणि कर भरल्याचं प्रमाणपत्र आम्हाला मिळालंच पाहिजे. प्रमाणपत्र नसेल तर आपल्या देशात त्याची वजावटही मिळत नाही.

१६ सप्टेंबर

भागीदाराशी करार नव्याने केला. पहिल्या करारात पूर्ण देशाचा एकमेव हक्क दिला होता, किमान विक्रीची अट न घालता. नैरोबी आणि आसपास त्यांनी उत्तम काम केलं. मोम्बासा आणि किसुमूला ते पोचले नाहीत, आणि आम्हाला दुसरा माणूस नेमता येईना. वाद झाला नाही, कारण त्यांनाही ते दिसत होतं. नव्या करारात हक्क प्रदेशापुरता, मुदत एक वर्ष, आणि ग्राहकांची माहिती आणि संपर्क दोघांचा. हे सुरुवातीलाच वकिलाकडून लिहून घेतलं असतं तर निम्म्या पैशांत झालं असतं.

इंडोनेशियाची तयारी सुरू केली. स्वतःची कंपनी काढायची तर परदेशी मालकीच्या कंपनीला १० अब्ज रुपियाहून जास्त गुंतवणुकीचा आराखडा लागतो, म्हणजे सहा लाख डॉलरच्या वर. प्रश्नच मिटला; इथेही भागीदार. मात्र ऑनलाइन सेवा देणाऱ्या परदेशी कंपनीनेही सरकारी नोंदणी करायची असते. जुलै २०२२ मध्ये नोंदणी न केलेल्या सेवा तिथल्या मंत्रालयाने बंद केल्या होत्या, त्यात पेपाल आणि स्टीमही होते. ही नोंदणी ग्राहक शोधण्याआधी केली.

१८ नोव्हेंबर

इंडोनेशियातल्या पहिल्या ग्राहकाच्या मालाची यादी एक्सेलमधून आत घेतली. १२.५०० रुपियाचा साबण आमच्याकडे साडेबारा रुपियाला लागला. तिथे हजारासाठी टिंब आणि दशांशासाठी स्वल्पविराम. आमचा वाचक टिंबाला दशांश समजला आणि शेवटची शून्यं गिळून टाकली. ७५० रुपियाची बिस्किटं मात्र बरोबर आली, कारण त्यात टिंबच नाही. त्यामुळे यादी वरवर चाळताना काही दर बरोबर आणि काही चूक असं गोंधळात टाकणारं चित्र होतं, आणि चूक कळायला नको तितका वेळ लागला. फाइलमधले रकानेही तिथे अर्धविरामाने वेगळे होतात. आता फाइल आत घेण्याआधी पडद्यावर दहा ओळी दाखवतो आणि विचारतो: हा भाव बरोबर आहे का? कुठल्याही हुशार ओळखण्यापेक्षा हे जास्त भरवशाचं निघालं.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. आम्ही सगळ्या रकमा शंभराने गुणून पूर्णांकात ठेवतो, सेंट ठेवतात तशा. डेटाबेसचा तो रकाना ३२ बिटांचा, म्हणजे २,१४,७४,८३,६४७ पर्यंत. शंभराने भागलं की २ कोटी १४ लाख रुपिया, सुमारे तेराशे डॉलर. वितरकाचं एक साधं बिल. पहिलं मोठं बिल केलं आणि ‘मर्यादेबाहेर’ म्हणून अडकलं. शिलिंगमध्ये हीच मर्यादा दीड लाख डॉलरच्या वर जाते, म्हणून केनियात कधी दिसलीच नाही. रकाने ६४ बिटांचे केले, पण ॲप, अहवाल आणि छपाईचा कोड अशा प्रत्येक ठिकाणी तो बदल शोधत जावा लागला. छापील बिलावर एकूण रकमेचे शेवटचे आकडे रकान्याबाहेर जाऊन कापले जात होते, ते तर ग्राहकाच्या फोटोतून कळलं.

आडनावाचा रकाना सक्तीचा होता, तो काढला. इंडोनेशियात एकच नाव असणारी माणसं भरपूर आहेत आणि सेल्समन मंडळी तिथे टिंब भरत होती.

३ जानेवारी २०२५

१ जानेवारीपासून इंडोनेशियाचा मूल्यवर्धित कर ११ वरून १२ टक्के होणार, हे कायद्यात आधीपासून होतं. केनियाच्या अनुभवामुळे दरांचा तक्ता तयार होता. लागू दिनांक टाकला आणि निर्धास्त झालो. ३१ डिसेंबरला जाहीर झालं की १२ टक्के फक्त चैनीच्या वस्तूंना. बाकी सगळ्याला दर १२ च, पण तो किमतीच्या अकरा-बारांश भागावर, म्हणजे परिणामी पुन्हा ११.

आमच्या तक्त्यात दर होता, ‘किमतीच्या किती भागावर’ हा रकाना नव्हता. नुसता ११ टाकून चालत नाही, कारण कर-बिलावर मूळ रक्कम आणि १२ हा दर दिसावा लागतो. घाईत रकाना जोडला. मग एका रुपियाचा फरक यायला लागला: प्रत्येक ओळीवर अकरा-बारांश काढून लगेच पूर्णांकात आणलं तर बेरीज वेगळी, शेवटी आणलं तर वेगळी. स्थानिक कर सल्लागाराला विचारून पद्धत ठरवली आणि ती कोडशेजारी मराठीत सविस्तर लिहून ठेवली, म्हणजे पुढे कुणी ‘सोपं’ करायला जाणार नाही.

केनियातही २७ डिसेंबरपासून परदेशी डिजिटल सेवांवरचा जुना दीड टक्क्याचा कर जाऊन नवा आला आहे, जो उलाढालीच्या तीन टक्के पडतो. भागीदारामार्फत जाणाऱ्या विक्रीला आणि थेट विक्रीला तो कसा लागतो, हे सल्लागाराकडून लेखी घेतलं.

१७ फेब्रुवारी

इंडोनेशियातली वसुली हा सुखद धक्का. प्रत्येक ग्राहकाला बँकेचा स्वतंत्र आभासी खाते क्रमांक देता येतो. त्यात आलेले पैसे त्याचेच. ‘बेवारस’ यादी जवळजवळ रिकामी असते. लहान रकमांना क्यूआरआयएस, म्हणजे तिथला देशभर चालणारा क्यूआर कोड.

१० मार्च

प्रशिक्षणाचे कार्यक्रम पुढे ढकलले. १ मार्चला रमजान सुरू झाला, महिनाअखेरीस ईद. वितरकांची वर्षातली सगळ्यात मोठी विक्री याच आठवड्यांत असते. त्यात कुणी नवं सॉफ्टवेअर शिकायला बसत नाही, आणि ईदच्या आठवड्यात निम्मा देश गावी गेलेला असतो. भागीदाराने जानेवारीतच सुचवलं होतं, आम्ही तारीख रेटली. हॉलचं भाडं आणि विमानाची तिकिटं गेली. सुरुवात आता मेमध्ये.

९ जून

केनियातल्या सुरुवातीच्या ग्राहकांची नूतनीकरणं झाली. जे सोडून गेले त्यांना कारण विचारलं: कुणीही ॲपबद्दल बोललं नाही. दोघांचा धंदा बंद झाला, एकाला गेल्या वर्षीच्या मेमधली दुहेरी ऑर्डर अजून आठवते. भाव थोडा वाढवला, कुणी फार खळखळ केली नाही.

हो ची मिन्ह सिटीहून एका वितरकाची चौकशी आहे. व्हिएतनाममध्ये ई-बिल जुलै २०२२ पासून सक्तीचं आहे, आणि या महिन्याच्या सुरुवातीपासून किरकोळ विक्रेत्यांपैकी बऱ्याच जणांच्या गल्ल्याला थेट कर खात्याशी जोडणं भाग पडलं आहे. तिथल्या चलनाला, डाँगला, दशांश चालत नाहीत, रकमा रुपियाहूनही लांब. डेमो मागितला होता; तो अजून दिलेला नाही. त्यांच्याकडून गेल्या महिन्याची दहा खरी बिलं, दोन क्रेडिट नोटा आणि बँकेच्या खात्याचं एक पान मागवलं आहे, नावं झाकून. ते आले की ठरवू.